गाडीवर नाव कुणाचं?

नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा! हा मंत्र हल्ली कॉलेजाकॉलेजात फुंकला जातो. सूटबूटवाला पाहुणा येतो, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतो, चार करोडपतींची नावं घेतो आणि जाता जाता म्हणतो, पोरांनो, काहीच जमलं नाही तर वडापावची गाडी तरी टाका! टाळ्या पडतात. पाहुणा शाल-नारळ घेऊन निघून जातो. मागं राहतो आपला पोरगा, आपली पोरगी. शिष्यवृत्ती अजून खात्यावर पडलेली नसते. मेसवाला पैशाचा तगादा लावतो. बाप कंत्राटी सफाईवर, आई चार घरची धुणीभांडी करते. भरतीची जाहिरात निघते तर परीक्षा होत नाही, परीक्षा झाली तर निकाल लागत नाही. तेव्हा पोरगा म्हणतो, च्यायला, टाकूच गाडी!

टाक दोस्ता. आमची ना नाही. पण पाहुण्यानं जे सांगितलं नाही ते ऐकून टाक.

आधी आपल्यातलेच दोघेजण आडवे येतील. पहिले घरचे. 'एवढा शिकवला तो काय कांदा चिरायला?' त्यांचं दुखणं खरं आहे. ज्यांनी दुसऱ्याची उष्टी काढण्यात जन्म घालवला त्यांना पोराच्या हातात झारा बघवत नाही. त्यांच्याशी भांडू नको, त्यांना हिशेब दाखव आणि हजेरीपट दाखव. दुसरे आडवे येतील ते चळवळीतले पुस्तकपंडित. म्हणतील, गाडी टाकणं म्हणजे भांडवलशाहीला शरण जाणं. हे पंडित महिन्याच्या एक तारखेला पगार मोजून घेतात आणि क्रांतीच्या गप्पा टपरीवर बसून मारतात. ती टपरीसुद्धा कुणाच्या तरी पोटाचाच धंदा असते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. हातगाडी टाकून कुणी टाटा-बिर्ला होत नाही. महिन्याची फी निघते, मेसचं बिल निघतं, एवढंच. पण तेवढ्यासाठी कुणापुढं हात पसरायला लागत नाही, आणि ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. खाण्याचा धंदा हा इतर धंद्यांसारखा धंदा नाही. झेरॉक्सचं मशीन टाक, मोबाईल दुरुस्त कर, रिक्षा चालव, लोक पैसे देतील आणि चालते होतील. पण तू शिजवलेलं माणूस तोंडात घालतो, आणि या देशात जातीचा सगळ्यात जुना पहारा तोंडावर आहे. रोटी-बेटी हा शब्द आपल्या भाषेत उगाच जोडीनं येत नाही. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाला मुलगी द्यायची, या दोन खुंट्यांवर जातीचं अख्खं छप्पर टांगलेलं आहे.

मुंबईच्या गिरण्यांचंच घ्या. अस्पृश्य कामगार साच्याखात्यात चालत नव्हता. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. ज्या धाग्याला महाराचं तोंड लागलं त्याला सवर्ण तोंड कसं लावणार! जास्त पगाराचं खातं नुसत्या थुंकीपायी बंद. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा कामगार एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्यांनाही तो आधी सुचला नव्हता. तुझ्या भुर्जीची प्लेट त्याच धाग्याच्या शेवटाला लटकलेली आहे हे विसरू नको.

कुणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. बरं, नवा घ्या. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित सरकारी अधिकारी बाईनं पोलिसांत फिर्याद दिली. गुन्हा काय? तर स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईनं आपली जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला! ती स्वयंपाकीण दलितसुद्धा नव्हती, नुसती ब्राह्मण नव्हती. तरी सोवळं मोडलं. पुढं फिर्याद मागं घेतली गेली, पण कायदा कुणाच्या बाजूनं धावायला निघाला होता ते सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेत दलित भोजनमाता नेमली, तर सवर्णांच्या पोरांनी तिच्या हातचं जेवायचं सोडलं. आधी नोकरीवरून काढलं कुणाला? तिलाच! बोंबाबोंब झाल्यावर तिला परत घेतलं. २०२३ साली पवईच्या आयआयटीत होस्टेलच्या खानावळीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं काढली आणि विरोध करणाऱ्या पोरांना दहा हजारांचा दंड ठोकला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीनं शुद्ध शाकाहारी माल पोचवायला वेगळी फलटण आणि वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गणवेश मागं घेतला. 'शुद्ध' हा शब्द मात्र कुणी मागं घेतला नाही. तो प्रत्येक रस्त्यावर पाटीवर चढून बसलाय. दूध शुद्ध, तूप शुद्ध इथवर समजतं. पण शाकाहार 'शुद्ध' म्हटला की बाकीचं काय ठरतं, आणि बाकीचे कोण ठरतात?

आणि कायद्याचा भरवसा कुठवर? घटनेच्या १५ व्या कलमानं दुकान, उपाहारगृह, हॉटेल सगळ्यांना खुलं केलं. १७ व्या कलमानं अस्पृश्यता गाडली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. २०१५ ला त्यात दुरुस्ती होऊन आर्थिक बहिष्कार टाकणं, धंद्यात आडकाठी करणं हाही गुन्हा ठरला. हे सगळे कायदे आपण लढून मिळवलेत, त्यांची किंमत कमी करायची नाही. पण नीट बघा. त्याच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचा हक्क मला कायद्यानं दिला. माझ्या गाडीवर येऊन त्यानं चहा प्यावा, असा हुकूम कुठलाच कायदा काढू शकत नाही. चार जणांनी जमून ठरवून बहिष्कार घातला तर गुन्हा. एकेक जण गुपचूप पुढच्या गाडीकडं गेला तर? त्याचा पंचनामा कोण करणार? गिऱ्हाईक तुला शिवी देत नाही, भांडत नाही. नुसतं येत नाही. संध्याकाळी पातेलं तसंच भरलेलं असतं आणि ही जात होती की तुझ्या भाजीत मीठ कमी होतं, हे तुला जन्मात कळत नाही.

हे कोडं सोडवून दाखवणारा एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. कोल्हापूरचे गंगाराम कांबळे. राजवाड्यावर नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना फोडून काढलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतला आणि गंगारामांना सांगितलं, चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, सत्यसुधारक हॉटेल. चहा चांगला, भांडी लख्ख. पण पिणार कोण? गावात कुजबुज सुरू झाली. मग महाराजांनी काय केलं? अनुदान जाहीर केलं? समिती नेमली? भर रस्त्यात स्वतःची गाडी त्या हॉटेलापुढं उभी केली आणि गंगारामांच्या हातचा चहा घेतला. एकदा नाही, वरचेवर. सोबतच्या बड्या बड्या लोकांनाही तोच चहा पाजला. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार!

ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी. महाराज गेले १९२२ ला. आपण ती जयंतीला सांगतो, टाळ्या घेतो आणि तिचा खरा धडा विसरून जातो. गंगारामांची अडचण भांडवलाची नव्हतीच. अडचण पहिल्या गिऱ्हाईकाची होती. आज सगळ्या योजना भांडवलाच्या आहेत, पहिल्या गिऱ्हाईकाची एकही नाही.

यातनंच आजचा सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो. गाडीवर नाव कुणाचं लावायचं?

शहरात फिरून बघा. आपली कितीतरी पोरं खाण्याच्या धंद्यात आहेत. गाडीवर नाव मात्र कुठल्यातरी देवाचं, नाहीतर नुसतं 'फास्ट फूड'. आडनाव विचारलं तर अर्धंच सांगतात. निळा झेंडा घरी, गाडीवर नाही. बाबासाहेबांचा फोटो गल्ल्याच्या आतल्या बाजूला, मालकालाच दिसेल असा. आपले काही कडक भाई यांना गद्दार म्हणतात. मी म्हणणार नाही. पोटासाठी नाव झाकणाऱ्याला शिवी देण्याआधी, नाव बघून पाय मागं घेणाऱ्याला शिवी दे. शरम त्यानं वाटून घ्यायची आहे.

पण झाकण्याची किंमत काय पडते तेही बघ. दिवसभर जीभ सांभाळायची. दोस्त लांबून 'जयभीम' म्हणत आला की धस्स व्हायचं. १४ एप्रिलला गाडी बंद ठेवायची तर कारण खोटं सांगायचं. आणि एवढं करून एखाद्या दिवशी कुणीतरी गावचा निघतोच. त्या दिवशी गिऱ्हाईक जातं ते जातंच, वर 'फसवलं आम्हाला' असं ओरडून जातं. पुण्याच्या त्या स्वयंपाकीण बाईवर फिर्याद झाली ती याच शब्दात! झाकलेल्या नावावर गल्ला भरेल, पण तो दुसऱ्याच्या मर्जीचा गल्ला आहे.

म्हणून माझं मत सरळ आहे. नाव लावा. पण एकट्यानं लावू नका. एकटा नाव लावतो तेव्हा तो हुतात्मा होतो आणि महिन्याभरात कर्जबाजारीही होतो. दहा गाड्यांवर एकाच वर्षी नाव लागलं तर रस्त्याला सवय होते. २०१६ साली चंद्रभान प्रसाद यांनी मसाले-लोणच्यांचा धंदा काढला तेव्हा नावच ठेवलं 'दलित फूड्स'. त्यांच्या राजकारणाशी आपलं पटो न पटो, पाटीवर तो शब्द लिहायला छाती लागते.

आणि विकायचं काय? दुसऱ्याचीच नक्कल? आपल्या आज्यांनी दुष्काळात, टंचाईत जे शोधलं, झुणका, ठेचा, सुकट, अंबाडी, वजडी, ते आज एसी हॉटेलात 'गावरान' नावानं मिळतंय. ताट आपलं, किंमत त्यांची! आपण खाल्लं तेव्हा घाण, त्यांनी विकलं तेव्हा परंपरा. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीचा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला. त्याच २०१५ साली सरकारनं बैल-वळूची कत्तलही बंद करून गरिबाच्या ताटातला स्वस्त तुकडा आणि कित्येकांचा धंदा एका फटक्यात काढून घेतला. तेव्हा आपलं म्हणून जे उरलंय ते तरी आपल्या नावानं, आपल्या गाडीवर विकलं गेलं पाहिजे.

आता पैशाचं बोलू. इथं जोश कामाचा नाही, पाटी-पेन्सिल घे.

धरून चाल, दिवसाला साठ प्लेटी, प्लेट तीस रुपयांना. गल्ला १८००. माल ९००. गॅस, पाणी, कागदी प्लेटा २००. जागेचं भाडं म्हण की 'साहेबांचं' म्हण, १००. उरलंसुरलं, सांडलं, नासलं १००. हातात राहिले ५००. बरे वाटतात ना? आता तास मोज. पहाटे चारला उठून आईनं केलेली तयारी पाच तास. तुझे गाडीवरचे पाच तास. म्हणजे तासाला पन्नास. आईची मजुरी हिशेबात धरली नाहीस तर तो तुझा नफा नव्हे, तिची वेठबिगारी आहे. जगाला समतेच्या गोष्टी सांगताना चुलीपुढच्या बाईचे पैसे बुडवायचे, हे चालणार नाही. पहिली पगारवही आईच्या नावानं कर.

आणखी एक रोग. साठांतल्या वीस प्लेटी उधार गेल्या तर ६०० गेले. ५०० मिळायच्या जागी १०० खिशातनं घालायची पाळी. आणि हे उधार खाणारे कोण? आपलेच! 'जयभीम भाऊ, लिहून ठेव.' अरे, जयभीम घाल आणि पैसे टाक. चळवळीतला माणूस आहे म्हणून फुकट खाणारा आणि जात बघून न खाणारा, दोघंही गाडी बंदच पाडतात.

सावकारापासून लांब राहा. रोज वसुलीवाला दहा हजार लिहून नऊ हजार हातात ठेवतो आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये नेतो. ऐकायला सोपं. हिशेब केला तर व्याजाचा दर वर्षाला ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. तुझ्या पाचशेतला पाचवा हिस्सा रोज त्याचा. त्यापेक्षा आठ-दहा जणांची भिशी लावा. सरकारी दारंही ठोठवा: महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ १९७८ पासून आहे, मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे, फेरीवाल्यांसाठी स्वनिधी २०२० पासून आहे. २०१६ ला दलित-आदिवासी आणि स्त्रियांसाठी म्हणून 'स्टँड अप इंडिया' गाजावाजा करून काढली, तिची सुरुवातच दहा लाखांच्या कर्जापासून! ज्याला दहा हजारांची कढई घ्यायचीय त्यानं कुठं उभं राहायचं? पहिली पायरी दहाव्या मजल्यावर बांधायची आणि शिडी दिली म्हणून मिरवायचं.

कागद पक्के कर. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान विक्रेत्याची नुसती नोंदणी लागते, ती फारशी महाग नाही. करून टाक आणि गाडीवर चिकटव. स्वच्छतेत तसूभर कमी पडू नको. दुसऱ्याच्या गाडीवर माशी बसली तर माशी घाण ठरते, तुझ्या गाडीवर बसली तर तुझी जात घाण ठरते. हा अन्याय आहे. तो मोडेपर्यंत फडकं हातातलं सोडू नको.

म्युनिसिपालिटीची गाडी येईल तेव्हा पळू नको, कायदा बोल. २०१४ चा पथविक्रेता कायदा पाठ कर. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत फेरीवाल्याला हटवता येत नाही. हटवायचं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यावीच लागते, आणि नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. शहर फेरीवाला समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बाया, आणि त्यांच्यात आपल्या लोकांना वाटा. या समितीच्या निवडणुकीला आपली किती पोरं उभी राहतात? नगरसेवकाच्या मागं झेंडे नाचवायला शंभर जातात, पोटाचा निवाडा करणाऱ्या समितीत जायला एक नाही! १९८५ साली सुप्रीम कोर्टानं फुटपाथवासीयांच्या खटल्यात मान्य केलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. आणि त्याच निकालात झोपड्या हलवायला परवानगीही दिली. कागदावरचा हक्क रस्त्यावर उभा करायला माणसंच लागतात.

सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात कडक अट. डिग्री सोडायची नाही. गाडी शिक्षणासाठी आहे, शिक्षण गाडीसाठी नाही. पहिल्या महिन्यात गल्ला खुळखुळला की तास बुडतात, मग हजेरी जाते, मग वर्ष जातं. आणि वरचे तर यासाठी टपलेलेच आहेत. दलिताच्या पोरानं प्राध्यापक, वकील, कलेक्टर होण्यापेक्षा 'यशस्वी वडापाववाला' व्हावं, मग त्याची मुलाखत छापायला, त्याला पुरस्कार द्यायला ते एका पायावर तयार आहेत. आरक्षणाच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि आपल्या हातात झारा देऊन म्हणायचं, हेच तुमचं स्वावलंबन! हा डाव ओळखा. गाडीही आपली आणि रिकामी जागाही आपली. एक मिळाली म्हणून दुसरीवरचा दावा सुटत नाही.

म्हणून चौघांनी मिळून एक गाडी काढा. दोघं सकाळी, दोघं संध्याकाळी. ज्याची परीक्षा त्याला सुट्टी. पोरीही गाडीवर उभ्या राहतील, नुसत्या घरात पीठ मळणार नाहीत. हिशेबाची वही एक, ती दर रविवारी चौघांपुढं उघडायची. भांडण झालं तर वहीवर व्हावं, माणसावर नको.

आणि जे गाडी टाकणार नाहीत त्यांचं काय? त्यांच्यावर तर जास्त जबाबदारी आहे. आज महाराजांची घोडागाडी येणार नाही. पहिलं गिऱ्हाईक आपण व्हायचं. कॉलेजच्या गेटवर आपल्या पोरानं नाव लावून गाडी उभी केली की पहिले पंधरा दिवस वर्गातल्या सगळ्या जातींच्या दोस्तांना घेऊन तिथं जा. जो समतेवर निबंध लिहून बक्षीस घेतो त्याला हाताला धरून ने. पुरोगामी म्हणवणाऱ्या सरांना ने, मॅडमना ने. खाऊ दे सगळ्यांसमोर. जो म्हणेल 'मला भूक नाही', तो रोज म्हणतो का ते लक्षात ठेव. समतेची परीक्षा भाषणात होत नाही, तिथं सगळेच पास होतात.

खायला जाल तेव्हा रोख पैसे द्या. मीठ कमी असेल तर तोंडावर सांगा. आणि गाडीवरचं नाव मोठ्यानं वाचा.

जयभीम!